पाऊण तासाचा मेळ

त्या प्रोग्रामला शिव्या घातल्या नाहीत असा एक माणूस रोह्याच्या त्या केमिकल कंपनीत शोधून सापडला नसता. दरवानापासून फिटरपर्यंत सगळे घालत. नाव त्याचं 'मेळ'. पाळी संपली की सुपरवायझरनं कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत तेवढा एक शब्द टाईप करायचा, एन्टर मारायचा आणि मग टाळ कुटत बसायचं. पाळीभरात टाक्यांवरच्या सेन्सरांनी पाठवलेले आकडे, म्हणजे दाब, उष्णता, पातळी, हे सगळे गोळा करून मेळ ते आधीच्या पाळीशी ताडून बघायचा आणि शेवटी एकच ओळ छापायचा, 'मेळ बसला'. ती ओळ आल्याखेरीज जाणाऱ्या पाळीतल्या एकाचंही कार्ड गेटवर चालायचं नाही. आणि ओळ यायला लागायचा पाऊण तास. पाऊण तास! तेवढ्यात माणूस गाडीनं रोह्याहून पेणला पोचायला येतो.

लिहिला होता कुणा एका इंजिनियरनं, पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत, घाईघाईत. तो गडी पुढं गल्फला गेला आणि ही ब्याद मागं ठेवून गेला. टाक्या वाढल्या, सेन्सर वाढले, मेळ दरवर्षी आणखी सुस्तावत गेला.

तोवर माणसं काय करणार? कंट्रोल रूमच्या मागं सिमेंटचा कट्टा होता, त्यावर बसायची. जाणारी पाळीही तिथंच आणि येणारी पाळीही तिथंच. चहाची किटली फिरायची. कुणाच्या वालाला यंदा शेंग धरली नाही, कुणाच्या पोरीला बघायला अलिबागचे पाहुणे येणार, असलं सगळं चालायचं. त्यातच मधे कुणीतरी म्हणायचं, "चार नंबरचा पंप आज कुरकुरतोय हां, कान ठेव." दुसरा म्हणायचा, "मागच्या शिडीची पायरी हलते रे." याला कुणी काम म्हणत नव्हतं. कंपनीच्या लेखी तर तो फुकट गेलेला वेळ.

आणि एक रीत होती त्या माणसांची. टाकी धुऊन झाली की तिच्यात नायट्रोजन सोडतात, आग लागू नये म्हणून. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, घशाला खवखव नाही. भोकातून आत डोकं घातलं की दोन श्वासांत खेळ खलास. म्हणून 'आत जाऊ नये' अशी लाल पाटी टाकीच्या तोंडाशी लावायची. नियमानं ती वायू सोडणाऱ्यानं लगेच लावायची, पण हे लोक तसं करत नसत. वायू सोडायचा पाळीच्या शेवटाला, पाटी ठेवायची आपल्या काखेत, आणि कट्ट्यावरून उठलं की येणाऱ्या माणसाला टाकीपाशी नेऊन ती त्याच्या हातात द्यायची. लावायची त्यानं. जुन्या माणसांनी घालून दिलेली रीत. दुसऱ्यानं लावलेली पाटी माणूस बघून न बघितल्यासारखी करतो, आपल्या हातानं लावलेली विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि वायू नसला की पाटी टाक्यांवरच्या ऑपरेटरांच्या केबिनमध्ये खुंटीला. पाटी केबिनात म्हणजे टाकी मोकळी, हे तिथं लहानथोर सगळ्यांना पाठ.

प्रतिक्षा हे रोज कॉम्प्युटर रूमच्या खिडकीतून बघायची. पेणची पोर, कॉम्प्युटरचं शिकलेली, दोन वर्षांपूर्वी तिथं लागली ती केरूमामाच्या शब्दावर. केरूमामा म्हणजे तिच्या आईचा सख्खा भाऊ, टाक्यांवरचा जुना ऑपरेटर, सकाळपाळीचा. त्याच्या हातून पाटी घेणारा असायचा हरेश. हमरापूरचा, गणपतीच्या कारखान्यातलं पोर, पंचविशीतलं, तोंडाचं भारी चालू. "मॅडम, तुमचा मेळ बसेपर्यंत आमच्या मूर्ती वाळून रंगवून होतात!" असं येताजाता सुनवायचा. प्रतिक्षाला हसू यायचं आणि थोडा रागही यायचा. तिचा कुठं होता मेळ? पण कॉम्प्युटरचं जे जे बिघडेल ते तिच्या नावावर, असंच असतं कंपनीत.

एके दिवशी संध्याकाळी ती रोहा स्टेशनावर आली तर बाकावर मामा. डबा मांडीवर, नजर रुळांवर.

"काय मामा, आज पण चुकली?"

"चुकली गो. गेटाबाहेर पाय टाकला नि शिट्टी ऐकली."

दुपारची गाडी चुकली की पुढची थेट दिवेलागणीला. गावी, जित्याला उतरून घरी पोचेपर्यंत अंधार. आणि घरी विमलमामी. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिची उजवी बाजू गेलेली, बोलणंही गेलेलं. शेजारची धोंडुबाई दुपारपर्यंत बघायची, मग तिलाही तिचं घरदार होतं. त्यानंतर मामी एकटी. पोटी मूल नाही, माणूस ठेवायचं तर गावात मिळत नाही.

"काल गेलो तर ओल्यात पडलेली," मामा म्हणाला. "दुपारपासनं तशीच. रडत नव्हती गो. भित्तीकडं तोंड करून पडलेली. मी लुगडं बदललं तर माझ्याकडं बघीना. लाज वाटली तिला. चाळीस वर्सं संसार केला माझ्याबरोबर, आणि लाज वाटली." त्यानं डब्याची कडी उघडली, परत लावली. "तुझ्या त्या डबड्याला जरा हलव ना. तू शिकलीस ना येवढं?"

प्रतिक्षा त्याच्याशेजारी बाकावर बसली. तिचे लाड मामीनं केलेले, मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या त्या घरात गेलेल्या. तिनं तिथंच मनाशी ठरवलं की हे आपण करायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं धारकरसाहेबांना विचारलं. हे प्लांटचे मॅनेजर. त्यांनी आधी 'चाललंय ते चालू दे' केलं. मग खिडकीतून कट्ट्याकडं बघितलं. "नाहीतरी ही जत्रा माझ्या डोळ्यांत खुपतेच," म्हणाले. "कर. पण आकडा एक जरी चुकला तर माझ्याशी गाठ आहे."

तिनं जुना प्रोग्राम उघडला आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक टाकीसाठी तो वर्षाची अख्खी फाईल पहिल्या ओळीपासून वाचत यायचा. आजचा एक आकडा हवा तर गेल्या वर्षीपासून सुरुवात. पुढची टाकी आली की परत पहिल्यापासून. घरात मीठ आहे का बघायला दरवेळी पेणच्या बाजारात जाऊन परत यावं, तसली गत. नवा तिनं रस्ट या दुसऱ्या भाषेत लिहायला घेतला. रस्ट म्हणजे कडक सासू. जराशी हयगय दिसली की काम उंबऱ्याच्या आत घेत नाही, बाहेरच उभं करून चुका वाचून दाखवते. पहिल्या आठवड्यात प्रतिक्षाच्या नाकी नऊ आले. मग हळूहळू जमलं. फाईल एकदाच वाचायची, शेवटाकडून वाचायची, टाक्या सगळ्या एकदम हाती घ्यायच्या. जुना आणि नवा दोन्ही तिनं मागच्या सगळ्या पाळ्यांवर चालवले आणि ओळीला ओळ लावून बघितली. एका जागी शेवटच्या दशांशाचा फरक निघाला, तर त्याच्यापायी दोन दिवस गेले. पण सोडलं नाही. कुणी नाव ठेवायला जागा ठेवायची नाही म्हणजे नाही.

थंडीत एका सोमवारी नवा मेळ लागला. सकाळपाळीचा सुपरवायझर काळुराम, त्यानं शब्द टाईप केला, एन्टर मारला आणि सवयीनं खुर्ची मागं सारून उठायला लागला. तर समोर ओळ आलेली.

"मॅडम, बिघडला ओ!" तो ओरडला.

"नाही बिघडला. परत करा."

परत केला. परत लगेच ओळ. मागं उभी राहिलेली माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली आणि मग जो काय गलका झाला! कुणी शिट्टी मारली, कुणी गेटाकडं धावतच सुटलं. केरूमामा तिच्यापाशी आला, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि गाडीला गेला. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर वालाच्या शेंगांची पिशवी होती. हरेशनं पेढे आणले. "आता माझी आई रात्रीची जागत बसणार नाय," म्हणाला. "मॅडम, तुमच्या पायाचं पाणी प्यायला पायजे!" प्रतिक्षाला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी ती जेवली नाही तरी तिला भूक लागली नाही.

कट्टा ओस पडला. जाणारे ठोक्याला जात, येणारे ठोक्याला येत, मधे काही उरलं नाही. धारकरसाहेब खूश. प्रतिक्षा खिडकीतून बघायची तर कट्ट्यावर एखादं कुत्रं पसरलेलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगा, अभिमानच वाटला. एवढी माणसं आपल्यामुळं घरी गेली! माणसं कट्ट्यावर काय काय बोलायची तेही तिला ठाऊक होतं, पाटी कशी हातोहात जायची तेही ठाऊक होतं. ते सगळं त्या पाऊण तासावर उभं होतं हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. तिच्याच काय, तिथं उभा जन्म काढलेल्या कुणाच्याही आलं नाही.

मामा आणि हरेश आपलं जमवून घेत. हरेश मोटरसायकलवरून थोडा आधी यायचा, मामा पाटी काखेत मारून त्याची वाट बघायचा. एकदा तर घाईत पाटी गेटावरच दिलीघेतली, दोघंही हसत होते. पेणचे बाजाराचे दिवस, रस्त्याचं काम, वडखळच्या नाक्यावरची गर्दी, यातून हरेश रोज वेळेवर येईल अशी कुणी हमी दिली होती? कुणीच नाही. पण रोज येत होता तोवर कुणी विचारही केला नाही.

त्या दिवशी नाही आला. तीन नंबरची टाकी धुऊन मामानं नायट्रोजन सोडला होता. पाटी घेऊन तो केबिनमध्ये उभा. तिकडं काळुरामनं एन्टर मारला, मेळ बसला, कार्डं सुटली, माणसं निघाली. मामानं घड्याळ बघितलं, रस्त्याकडं बघितलं. फोन करावा तर आत मोबाईल नेता येत नाही, सगळ्यांचे गेटावर जमा. आपणच लावावी तर रीत मोडते, आणि दुसऱ्यानं लावलेली हरेश बघेल न बघेल. शेवटी त्याला एक सुचलं. हरेशच्या खुर्चीवर, ऐन मधोमध, त्यानं पाटी ठेवली. बसायला गेला की उचलावीच लागेल, आणि उचलली की कळेल त्याला. एवढं करून मामा निघाला.

गेटाबाहेर तो रिक्षात चढतोय तोच समोरून हरेश आला, घामाघूम, डोक्यावरचं हेल्मेट एका हातानं काढत. मामानं हात वर केला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"मामा, पळ, पळ! गाडी जाईल!" हरेश ओरडला आणि आत गेला. रिक्षावाल्यानं रिक्षा सोडली.

हरेश केबिनमध्ये आला. खुर्चीवर पाटी दिसली. पाटी केबिनात म्हणजे टाकी मोकळी. त्यानं ती उचलली आणि कुणीतरी खुंटीवरून काढून इथं टाकली असं वाटून परत खुंटीला अडकवली. हे केबिनमधल्या कॅमेऱ्यात नीट दिसतं. मग वायू सोडण्याआधी तीन नंबर नीट धुतली का बघायला तो टाकीपाशी गेला.

भोंगा वाजला तेव्हा प्रतिक्षा कॉम्प्युटरपुढं होती. तिला वाटलं, मॉकड्रिल असेल. मग ओरडा ऐकू आला आणि ती खाली धावली. एका फिटरला दोघांनी कमरेला धरून मागं ओढलं होतं, तो टाकीत उतरायला बघत होता. तोंडाला हवेची नळी लावलेले लोक आले, त्यांनी दोरानं हरेशला वर काढलं. अंगावर कुठं ओरखडासुद्धा नव्हता. अँब्युलन्स आली, गेली. दवाखान्यात तो गेल्याचं नुसतं लिहून घेतलं. प्रतिक्षा टाकीजवळ उभी राहिली, तिथं हरेशचं हेल्मेट पडलेलं होतं, ते कुणी उचलेना. तिनं वर केबिनच्या काचेतून बघितलं तर आत खुंटीला पाटी.

मामाला कोण सांगणार? फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ती संध्याकाळच्या गाडीनं जित्याला उतरली. घरात दिवा लागलेला, मामी उशीला टेकून बसवलेली, अंगावर कोरडं, धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले. मामा चमच्यानं पेज भरवत होता.

"ये गो, बस. बघ तुझी मामी आज कशी बसलीय!"

"मामा, हरेश गेला."

मामाचा हात तसाच राहिला. पेज चमच्यातून मामीच्या मांडीवर सांडली.

"तीन नंबर?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"पाटी लावली नव्हती त्यानं? मी खुर्चीवर ठेवली होती. अगदी मधे ठेवली होती."

"खुंटीला होती मामा."

मामाला आणखी काही सांगावं लागलं नाही. ती रीत त्याच्याच हाडात मुरलेली. तो उठला, मोरीपाशी गेला आणि भडाभडा ओकला. मामी आळीपाळीनं दोघांकडं बघत राहिली. तिला विचारता येत नव्हतं.

हमरापूरला हरेशच्या आईपुढं, शकूबाईपुढं मामा जाऊन बसला. लोकांनी त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. कुणी मारलं नाही. शकूबाई एवढंच म्हणाली, "तुझा शब्द पोरगा पाळायचा रे. सांगायचं ना त्याला."

मग चौकशी. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. कंपनीचीच समिती, मुंबईहून आलेले दोघे आणि धारकरसाहेब. मामाला विचारलं, नियम काय? म्हणाला, वायू सोडणाऱ्यानं पाटी लावायची. तुम्ही लावली? नाही लावली. का नाही लावली? "आमची रीत तशी नाय," एवढं मामा पुटपुटला. त्यांनी ते लिहून घेतलं. रीत म्हणजे काय, हे एकानंही विचारलं नाही.

प्रतिक्षाला बोलावलं होतं ते फक्त मेळबद्दल. त्या दिवशीचे आकडे बरोबर होते का? सगळे बरोबर होते. मेळ खरा बसला होता. "ठीक, तुमचं काम उत्तम आहे," असं म्हणून त्यांनी तिला जायला सांगितलं. ती गेली नाही.

"साहेब, पाऊण तास मी काढून टाकला," ती म्हणाली. "त्या पाऊण तासात हे लोक एकमेकांना सांगायचे. हातातून हातात पाटी द्यायचे. मामा थांबला असता, हरेश भेटला असता. मी तो वेळच ठेवला नाही."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मुंबईचा एक साहेब चांगला माणूस असावा, त्यानं पेन खाली ठेवलं. "बाई, तुमची मनःस्थिती मी समजू शकतो. पण मी काय लिहू? प्रोग्राम लवकर चालला म्हणून माणूस मेला, असं लिहू?"

"असंच झालंय."

"असं लिहिता येत नाही," तो म्हणाला, आणि खरंच, त्याला कुठं लिहिता येणार होतं! त्याच्या कागदावर दोनच जागा होत्या, यंत्राची चूक आणि माणसाची चूक.

"पोरीचा काय संबंध नाय," मामा मधेच बोलला, एकदम मोठ्यानं. "ती लहान हाय. तिला बाहेर पाठवा. पाटी माझ्याकडं होती. माझी चूक हाय, लिवा तसं."

तसं लिहिलं. मामाला कामावरून काढलं.

प्रतिक्षानं तरी हात टेकले नव्हते. ती धारकरसाहेबांकडं गेली, म्हणाली, जुना मेळ परत लावते, नाहीतर दोन पाळ्यांमध्ये तेवढा वेळ तरी राखून ठेवा. ते म्हणाले, "नियमात पाटी आहे. नियम पाळा, म्हणजे काही होत नाही." पण ही गोष्ट बाहेर फुटली आणि दुसऱ्या दिवशी काळुराम चारपाच जणांना घेऊन तिच्या दारात उभा राहिला. मान खाली, टोपी हातात.

"मॅडम, तेवढं करू नका."

"काळुरामभाऊ, तुम्ही पण?"

"हरेशसाठी जीव तुटतो ओ आमचा. पण आम्हाला घरची कामं हायत. माझी पोरगी शाळेतून सुटते, तिला आणायला कुणी नाय. आम्ही लावू पाट्या. शपथ घेतो."

तिला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. काय म्हणून ओरडणार? हेच तर तिनं त्यांना दिलं होतं, आणि याच्याचसाठी दिलं होतं. तिनं मान हलवली. माणसं लगबगीनं खाली उतरली, गाडीची वेळ झाली होती.

पुढच्याच आठवड्यात धारकरसाहेबांनी तिला दुसऱ्या प्लांटचा जुना प्रोग्राम दिला. तोही असाच सुस्त. तिनं फाईल उघडली, बघितली, बंद केली. रोज उघडते आणि रोज बंद करते, असं तिचं चाललं होतं.

पावसाळ्याच्या आधी एका दुपारी ती सुट्टी काढून जित्याला गेली. म्हटलं, मामा आता दिवसभर घरी, दोघं निदान एकमेकांजवळ तरी असतील. देवानं तेवढं तरी ठेवलंय. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मामी भिंतीकडं तोंड करून पडलेली, आणि खोलीभर तो वास. गोधडी ओली, लुगडं ओलं.

"मामी! मामा कुठं हाय?"

मामीनं डाव्या हातानं तोंडावर पदर ओढला.

धोंडुबाई दारात आली, तोंडाला पदर लावून. "टेसनात आसल बघ. रोज ह्या टायमाला जातो. मी बोलले, भांडले, आयकत नाय गो. सकाळी बायकोचं सगळं करतो अगदी आईसारखं, आणि दुपार झाली की उठून जातो तो अंधार पडल्यावर येतो."

प्रतिक्षा तरातरा स्टेशनात गेली. मामा फलाटाच्या टोकाला बाकावर बसलेला. दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही. ती रागानं आली होती, चांगलं फाडून बोलायचं ठरवून.

"मामा, मामी ओल्यात पडलीय! तुला कळतं का काही?"

"ठाऊक हाय."

"ठाऊक हाय? मग इथं काय करतोस?"

मामा रुळांकडं बघतच म्हणाला, "त्या दिवशी मी टायमावर पोचलो होतो गो. कोरडी होती ती. मी दारातनं आत गेलो तर हसली माझ्याकडं बघून. झटका आल्यापासनं पयल्यांदा हसली. तोंड वाकडं झालं, पण हसली. मला इतका आनंद झाला, मी म्हटलं, चला, पोरीनं आपलं भलं केलं. देवाला दिवा लावला मी." त्यानं हातानं तोंड पुसलं. "त्याच टायमाला तो आत पडलेला. आता ह्या वक्ताला तिच्या तोंडाकडं मला बघवत नाय. ती हसंल, ह्याची मला धास्ती वाटते."

"मामा, तिचा काय दोष?"

"काय नाय. तुझा पण नाय. माझाच हाय, मी लिवून दिलाय."

रोह्याकडून गाडी आली. ठोक्याला आली. सकाळपाळीतले दोघेतिघे उतरले, ओळखीचे, त्याच गावचे. मामाला त्यांनी बघितलं. एकानं हात वर करायला घेतला आणि तसाच खाली सोडला. मग ते आपापल्या घरी गेले. गाडी निघून गेली तरी मामा उठला नाही. प्रतिक्षानं त्याचा दंड धरून ओढलं, त्यानं हात हळूच सोडवून घेतला.

ती एकटीच परत आली. चुलीवर पाणी तापवलं, मामीला कुशीवर वळवलं, अंग पुसलं, कोरडं लुगडं नेसवलं, गोधडी बाहेर टाकली. मामीचं अंग किती हलकं झालंय हे तिला तेव्हा कळलं. सगळं झालं तशी मामीनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि दाराकडं बघितलं. परत तिच्याकडं बघितलं.

"येतोय मामा," प्रतिक्षा म्हणाली. "गाडी लेट हाय आज."

मामीनं मान डोलावली आणि मनगट सोडलं. त्या घरापासून स्टेशन हाकेवर आहे. आलेली गाडी आणि गेलेली गाडी, दोन्ही तिथं खाटेवर पडल्या पडल्या ऐकू येतात.